न बोलता केलेलं बाळंतपण

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाउडस्पीकर कधीच नव्हता. गरजच पडली नाही, कारण मी होते. लसीकरणाच्या दिवशी व्हरांड्यात उभं राहून मी एक हाळी दिली, की पार शेवटच्या आळीतली बाई लेकराला कडेवर घेऊन निघायची. सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात, माझ्या नोकरीची शेवटची चौदा वर्षं गेली. निवृत्तीच्या कार्यक्रमात बोलायला उठलेल्या प्रत्येकानं माझ्या सेवेआधी माझ्या आवाजाची आठवण काढली. एकानं तर सांगितलं, पोळ्याला बैल बुजला होता तो फटाक्यानं नव्हे, सिस्टरच्या हाकेनं. लोक हसले, मीही हसले. शाल-नारळ घेऊन खाली बसले तेव्हा मात्र मला एक बाळंतपण आठवलं. ते मी तोंडातून शब्द न काढता केलं होतं. म्हणजे जवळजवळ न काढता.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतलं काहीतरी खमंग लिहा' म्हटलं, तेव्हा तेच लिहायचं ठरवलं. खमंग आहे की करपलेलं, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. कागदोपत्री मी सहायक परिचारिका प्रसाविका. हे नाव गावात कोणाच्याच तोंडात मावलं नाही, म्हणून नुसती सिस्टर. बाई गरोदर राहिली की तिची नोंद करायची, वजन, रक्त, बीपी पाहायचं, इंजेक्शन द्यायचं, लोहाच्या गोळ्या द्यायच्या, आणि त्या गोळ्या तिच्याच पोटात जातात ना यावर पाळत ठेवायची. एका घरी महिन्याच्या गोळ्या तुळशीच्या कुंडीत सापडल्या. तुळस तेवढी झकास तरारली होती. दिवस भरले की बाळंतपण करायचं, आणि नंतर घरी जाऊन बाळ-बाळंतीण पाहून यायचं.

हे घरी जाऊन पाहणं सगळ्यात अवघड, कारण तिथे सासू असते. आमच्याकडच्या जुन्या बायांचा पक्का समज, की बाळंतिणीनं पोटभर पाणी प्यायलं की तिचं पोट सुटतं. बाळ अंगावर पितंय, पोरीचे ओठ सुकलेत, आणि तांब्या पार चुलीपाशी, सासूच्या नजरेखाली. भांडून उपयोग नसतो. मी स्वतःलाच पाणी मागायची. सासू तांब्या भरून आणायची, मी एक घोट घेऊन तो सुनेच्या हातात द्यायची आणि सासूला बाळाचं नाक कोणावर गेलंय ते विचारायची. तेवढ्यात तांब्या रिकामा. एका सासूनं तिसऱ्या दिवशी मला न्याहाळून म्हटलं, "सिस्टर, तुमाले तहान लय लागते बाप्पा." पुढच्या वेळी तिनं मला फुलपात्रात पाणी दिलं.

घरात असं गोडीगुलाबीनं चाले. दवाखान्यात माझं राज्य होतं, तिथे गोडीची गरज नव्हती. लेबर रूममध्ये नातेवाइकांनी यायचं नाही, बाईनं टेबलावर उताणं पडून राहायचं, आणि आवाज काढायचा तो फक्त मी. "बोंबलू नोको, दवाखाना हाय हा!" हे माझं ठरलेलं वाक्य. ते बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाई आणि बाकावरचे लोक एकमेकांना सांगत, "सिस्टर हाय आतमंदी, काळजी नाई."

कोणी म्हणेल, एवढं ओरडायचं कशाला? मलाही तसंच शिकवलं होतं. प्रशिक्षणात आमच्या मोठ्या सिस्टर बाईच्या मांडीवर चापट मारून तिला कळ द्यायला लावायच्या. आम्ही ते वहीत लिहून घेतलं नाही, पण शिकलो नेमकं तेच. मध्यंतरी वरून एक कागदही आला. बाळंतपणाच्या वेळी बाईच्या पसंतीची एक सोबतीण आत असू द्यावी, तिला उठू-बसू द्यावं, अपमान होईल असं बोलू नये. त्यावर मी 'वाचले' म्हणून सही केली आणि फाइलला लावला. सोबत हसऱ्या बाळंतिणीचं पोस्टर होतं. ते लेबर रूमच्या दारामागच्या भिंतीवर लावलं. दार उघडं असलं की पोस्टर झाकलं जायचं, आणि आमचं दार दिवसभर उघडंच असायचं. तपासणीला साहेब आले की तेवढ्यापुरतं दार लावायचो.

आता दीपाली. हिचं माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक नाला आहे, तेवढंच काय ते अंतर. दोन्ही गावं आमच्याच केंद्राखाली. पहिल्या खेपेला ती माहेरी आली होती, विशीची, काडीसारखी पोरगी. मुलगी झाली, वार पडली, आणि मग अंगावरून जायला लागलं ते थांबेना. मी इंजेक्शनं दिली, पोट दाबून धरलं, तसंच गाडीत बसले आणि खामगाव येईपर्यंत हात काढला नाही. तिथे तिला रक्त चढलं आणि पोरगी वाचली. पुढे दोन दिवस माझा हात दुखत होता. त्या दुखऱ्या हाताचा मला फार अभिमान वाटला. ही हकीकत मी निदान पन्नास जणांना ऐकवली असेल.

तीन वर्षांनी आमची आशा कार्यकर्ती सुनंदा सांगत आली, "सिस्टर, दीपालीले सातवा लागला. पण ते तपासणीले येत नाई. घरीच होईन म्हणते."

"घरी?" मी एवढ्या जोरात विचारलं की औषधं वाटणाऱ्या मुलीच्या हातून बाटली सुटली.

बाहेरच्या माणसासाठी सांगते. ज्या बाईला एकदा असा रक्तस्राव झाला, तिला पुन्हा व्हायची भीती असते. त्यातून दीपालीच्या अंगात मुळात रक्त कमी. घरी सुईण कितीही जुनी असली, तरी गाडी यायच्या आत अर्ध्या तासात खेळ संपतो. हे सगळं दीपालीला माहीत होतं, कारण तिच्यावर ते गुदरलं होतं. तरी ती म्हणत होती, घरी. मला कळेना, या पोरीला मरायची हौस आहे का.

मी तिच्या सासरी गेले. सासू अंगणात तूर पाखडत होती. "ते वावरात गेली," म्हणाली. आतून शिंक आली. मी म्हटलं, "वावर घरातच आणलं का आता?" सासूनं सूप जोरात हलवायला सुरुवात केली. पुढच्या आठवड्यात गेले तर म्हणे माहेरी गेली. नाला ओलांडून माहेरी गेले तर आई म्हणाली, सासरीच आहे. पोरगी अधल्यामधल्या नाल्यात राहायला गेली होती की काय, कोण जाणे.

शेवटी सुनंदानंच तोड काढली. गुरुवारी दीपालीची ओटी भरायची होती आणि बांगड्या भरायला शमीमखाला येणार होती. खाला म्हणजे मावशी, पण शमीमखाला सगळ्या गावांची खाला. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन आठवडाभर खेडी फिरायची. हिंदूंची ओटी असो की मुसलमानांचं लग्न, हिरवा चुडा तिच्याच हातानं भरायचा, अशी रीत पडून गेली होती. सुनंदा म्हणाली, "बांगड्या भराले तं हात लागतेच ना सिस्टर. हात काही वावरात धाडता येत नाई."

गेले. ओसरीवर दहा-बारा बाया, त्यांत सुनंदाही, आणि मधोमध दीपाली. मला पाहून तिनं मान खाली घातली.

"काऊन वं दीपाली, तपासणीले काऊन येत नाई?" मी माझ्या मते हळूच विचारलं. गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली.

शमीमखालानं माझं मनगट धरून मला खाली बसवलं. "पहिले बसा सिस्टर. हात द्या अथी. ओटीच्या घरी आलेली बाई बिनबांगडीची नाई जाऊ देत मी."

तिनं माझी बोटं एकत्र केली आणि अंगठ्याखालचं हाड दाबलं. "ढिला सोडा."

"सोडला."

"हा सोडला? हा हात हाय का कुऱ्हाडीचा दांडा?"

बाया खदखदून हसल्या. दोन बांगड्या वाढल्या. चुड्याच्या दिवशी फुटल्या म्हणायचं नसतं. खाला मात्र शांत. "बांगडी जोरानं नाई जात, सिस्टर. जोर केला का काच बी जाते आन् हात बी कापते. बाईले दुसऱ्याच गोष्टीत लावाचं. तिचं ध्यान तिकडं गेलं का हात आपसूक ढिला होते, मंग सरकवाची." असं म्हणत तिनं मला विचारलं, यंदा पगारवाढ झाली का? मी तावातावानं सांगायला लागले, आणि पाहते तर मनगटात सहा बांगड्या.

यावर दीपालीही हसली. हसल्यामुळेच तिला धीर आला असावा. ती म्हणाली, "सिस्टर, पहिल्या टाइमले तुमी मले काय म्हटलं होतं, याद हाय का तुमाले?"

मला वाटलं, ही आता आभार मानते. "तुले वाचवलं ना म्या. खामगावपावतर हात नाई काढला."

"ते याद हाय मले. म्हणून तं आजपावतर तुमच्या तोंडावर काई बोलली नाई." मग बांगड्यांकडे पाहत म्हणाली, "मी रडून राह्यली होती. तवा तुमी म्हटलं, नवऱ्यापाशी गेली तवा गोड लागलं, आता काऊन बोंबलतं? दार उघडं होतं. बाहीर बाकावर माहा बाप बसला होता. त्या दिवसापासून मी बापाच्या समोर मान वर करून बसली नाई. तोई माह्याकडं पाहून बोलत नाई."

मला ते आठवेना. खरं सांगते, मी फार आठवून पाहिलं. तिचा पिवळा पडलेला चेहरा आठवला, गाडीतला रस्ता आठवला, पण ते वाक्य काही आठवेना. इतक्या जणींना म्हटलेलं वाक्य एकीच्या नावानं कसं आठवणार?

कोपऱ्यातून तिची जाऊ म्हणाली, "मले बी म्हटलं होतं."

"मले बी," आणखी एक म्हणाली.

मग सासू, मागच्या खेपेला तूर पाखडणारी, हळूच म्हणाली, "माह्या लेकीले बी म्हटलं होतं. जावई होते बाहीर."

आणि त्या हसायला लागल्या. एकमेकींना कोपर मारत, पदर तोंडाला लावून. त्यात राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. पण त्या पाऊस पडला, गारा पडल्या, सिस्टर असं बोलली, अशा हसत होत्या. मी आमच्या केंद्रात अठरा रजिस्टरं ठेवली. कोणाला किती गोळ्या दिल्या, कोणत्या बाळाला कोणती लस दिली, सगळं त्यात आहे. कोणाला काय बोलले याचं एकही नाही. असतं तर सगळ्यात जाड तेच झालं असतं. त्या दिवशी मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

"चल, येतं का तपासणीले?" मी विचारलं. या वेळी म्हशीनं मान वर केली नाही.

दीपालीनं दोन अटी घातल्या. "शमीमखाला आतमंदी माह्यापाशी राहीन. आन् तुमी बोलाचं नाई."

"बोलाचं नाई म्हणजे?"

"म्हणजे तोंड उघडाचं नाई. एक शब्द नाई."

सुनंदाला ठसका लागला. सासूनं माझ्याकडे खऱ्या काळजीनं पाहिलं. "सिस्टर, होईन का तुमच्यानं?"

"होईन," मी म्हटलं.

"मी साक्षी हाय," शमीमखाला म्हणाली आणि पेटी बंद केली.

त्यानंतर दीपाली नेमानं यायला लागली. लोहाची इंजेक्शनं घेतली, रक्त बरंचसं वाढलं. आमच्या डॉक्टर मॅडम पुण्याच्या, बॉन्डची नोकरी करायला आलेल्या, स्वभावानं चांगल्या. आल्या तेव्हा 'काऊन' हे त्यांना गावाचं नाव वाटलं होतं. त्यांना मी अटींचं सांगितलं तर म्हणाल्या, "सिस्टर, सोबतिणीचा कागद तर कधीच आलाय ना? आपल्याकडे नाही आला का?" मी फाइल काढून दिली. त्यांनी माझी 'वाचले' ही सही पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्या मनानं फाइल मिटून ठेवली. बाळंतपण खामगावला करायचं असं ठरलं. तारखेच्या चार दिवस आधी तिला तिकडे नेऊन ठेवणार होतो.

बाळाला कोणी तारीख सांगितली नसावी. ठरल्या दिवसाच्या आठवडाभर आधीच, सकाळी दहाच्या सुमारास १०२ ची गाडी आमच्याच दारात येऊन थांबली. आतून दीपाली उतरली, मागून सासू, आणि पेटी डोक्यावर तशीच घेऊन शमीमखाला. ती वाटेतल्या गावी बांगड्या भरत होती, तिथून तिला उचललं होतं. मॅडमनी तपासून सांगितलं, खामगावला पाठवलं तर गाडीतच होईल. मग रक्तस्रावाची सगळी इंजेक्शनं आधीच भरून ठेवली, गाडी दारात उभी ठेवली, ड्रायव्हरला चहाला जाऊ दिलं नाही. मी मॅडमकडे पाहून मान हलवली. तोंड मिटलं ते मिटलं.

पहिलं काम केलं ते म्हणजे दार लावून घेतलं. भिंतीवरचं पोस्टर उघडं पडलं. शमीमखालानं ते निरखून पाहिलं आणि दीपालीला म्हणाली, "हे बाई काऊन एवढी हसून राह्यली? हिचं झालं वाटते." दीपालीला कळ येत होती, तरी ती हसली.

बिनबोलता काम करणं किती अवघड, ते माझं मलाच माहीत. आमची मदतनीस कांताबाई हिला वाटलं, माझा घसा बसला. मी हातानं नाही-नाही म्हणत होते, तर तिला वाटलं फारच बसला. तिनं मिठाचं गरम पाणी आणलं आणि मी गुळण्या करेपर्यंत समोरून हलली नाही. मी मुकाट्यानं गुळण्या केल्या. मॅडम पाठ करून हसत होत्या.

दीपाली टेबलावर गेलीच नाही. खिडकीचे गज धरून उभी राहिली, कळ आली की कमरेतून डुलायची. 'झोप' हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला आणि परत गेला. काय करावं कळेना, म्हणून तिची कंबर चोळायला घेतली. बाळाचे ठोके ऐकायला नळी लावली, आणि लक्षात आलं की इतकी वर्षं हे ठोके मी स्वतःच्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत मोजत आले. त्या दिवशी ते पहिल्यांदा निवांत ऐकले.

आणि शमीमखाला. तिला बाळंतपणातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण हातातलं कळत होतं. कळ आली की ती दीपालीचा पंजा धरून अंगठ्याखाली दाबायची आणि एका पाटलीणबाईची गोष्ट सांगायची. या बाईला लहान मापाच्याच बांगड्या हव्या असायच्या आणि हात मात्र भाकरीएवढा. "हात ढिला सोड बेटा. हाव, आस्सा." पंजा सुटला की दीपालीचे खांदे सुटायचे, खांदे सुटले की दातखीळ सुटायची. मी पाहत राहिले. ज्या गोष्टीसाठी मी एवढी वर्षं घसा फोडला, ती बांगडीवाली बाई गप्पा मारत करत होती. मी बायांवर ओरडायची ते मला भीती वाटायची म्हणून, हेही तिथेच उभ्या-उभ्या कळलं. रक्त जाईल, बाळ अडकेल, नाव माझं येईल. माझी भीती मी त्यांच्या अंगावर टाकायची.

बाराच्या सुमारास दीपाली टेबलावर आली, तिच्या सोयीनं, अर्धवट बसती. बाळाचं डोकं दिसायला लागलं. आणि इथे पोरगी घाबरली. मागच्या वेळचं सगळं तिला आठवलं असावं. अंग आखडलं, श्वास धरून ठेवला, पाय मिटायला लागली. "मरतो मी, खाला. मरतो."

पाटलीणबाईची गोष्ट संपली होती. शमीमखालाच्या कपाळावर घाम आला. "या अल्ला, आता काय करू मी?" म्हणून तिनं माझ्याकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "ठोके कमी होतायत, सिस्टर." मी माझ्या मिटलेल्या तोंडावर हात ठेवून उभी.

दीपालीनं मान वळवली. "सिस्टर. बोला ना काई तरी."

मी बोट ओठांवर ठेवून खुणेनं विचारलं, खरंच?

"बोला म्हणतो ना!" ती एवढ्या जोरात ओरडली की माझाच आवाज वाटला.

दोन तास बंद असलेला माझा गळा. त्यातून निघालं ते इतकं बारीक, की मलाच ओळखू येईना. "दीपाली. मी अथीच हाय, माय. त्या दिवशी बोलली ते चुकलं माह्यं. लय चुकलं."

"ते मंग सांगजा!" ती किंचाळली. "आता काय करू ते सांगा!"

मग सांगितलं. हळू आवाजात, एकेक करून. श्वास सोड. हात ढिला सोड. आता थांब, जोर नको. आता दे. खालानं एक पंजा धरला होता, मी दोन्ही हातांनी बाळाचं डोकं सांभाळत होते, आणि चार-पाच कळांत मुलगी माझ्या हातात आली. ती जन्मल्याबरोबर इतकी मोठ्यांदा रडली, की मॅडम म्हणाल्या, "केंद्राला नवीन सिस्टर मिळाली."

खरी परीक्षा पुढे होती. इंजेक्शन लगेच दिलं, वार पडली, आणि मी दीपालीच्या पोटावर हात ठेवून बसले. बाळंतपणानंतर गर्भपिशवी आवळून घट्ट झाली तर रक्त थांबतं, सैल पडली तर वाहतं. त्या दिवशी फक्त तेवढ्याच गोष्टीनं ढिलं पडू नये, अशी माझी प्रार्थना होती. मिनिटामिनिटाला पाहत होते. बाळ तिच्या छातीवर होतं. दीपालीला तहान लागली तर आता आत बोलावलेल्या सासूनं न सांगता तांब्या पुढे केला, माझ्याकडे एक कटाक्ष टाकून. दोन तास झाले. रक्त नेहमीएवढंच गेलं. मॅडमनी ड्रायव्हरला चहाला सोडलं.

मी दार उघडून बाहेर गेले. खबर लागून आलेला दीपालीचा बाप बाकावर बसला होता, त्याच बाकावर, टोपी गुडघ्यावर ठेवून. मला पाहून उठला. "दीपा कशी हाय?" त्यानं विचारलं. पोरीची चौकशी तो जमिनीकडे पाहून करत होता.

"बाबा, आत या. नात पाहा."

"मी? आत?"

बाळंतिणीच्या खोलीत मी आजवर एकाही पुरुषाला पाऊल टाकू दिलं नव्हतं. दीपालीला विचारलं, ती हो म्हणाली, चादर नीट केली, आणि त्याला आणलं. दारातच त्याला थांबवून म्हटलं, "बाबा, तीन वर्षांमागं याच दारातून तुमी जे ऐकलं, ते माह्या तोंडातलं होतं. त्याच्यात तुमच्या पोरीची काई लाज नाई. माही हाय." तो टेबलापाशी गेला, बाळाकडे पाहिलं, आणि मग दीपालीच्या डोक्यावर हात ठेवून तिच्याकडे पाहिलं. तिनं मान वर केली.

मी तिथे उभी राहू शकले नाही. शेजारच्या सामानाच्या खोलीत गेले, सलाइनच्या खोक्यांमध्ये बसले, आणि रडायला लागले. माझं रडणंही माझ्या आवाजातलंच. भिंत पातळ, वर जाळी. सगळ्या दवाखान्याला ऐकू गेलं असणार.

पलीकडून दीपालीचा आवाज आला, थकलेला, पण खणखणीत. "खाला, त्या सिस्टरले सांग वं. बोंबलू नोका म्हणा, दवाखाना हाय हा."

त्यावर पलीकडे कोणीतरी मोठ्यांदा हसलं. तो तिचा बाप होता.